खाडीच्या चिखलातील बिळे आणि ताटातील मासळी

स्मरणिका हाती घेणारा वाचक बहुधा आठवणींच्या ओढीने पाने उलटतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि या अंकासाठी विज्ञान मंडळाकडे लेखाची मागणी झाली, तेव्हा वर्गात ज्याला पुरेसा वेळ देता येत नाही असा एखादा विषय सविस्तर मांडावा, असे आम्ही ठरविले. निवडलेला विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. कोकणातील खाड्यांच्या काठी ओहोटीच्या वेळी जो काळसर चिखल उघडा पडतो, त्या चिखलात असंख्य छिद्रे असतात. ही छिद्रे कोण पाडतो, ती पडल्याने काय घडते आणि ती बुजली तर आपले काय बिघडते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाचा खाडीच्या चिखलाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले सर्वांना ठाऊक आहे. सांगलीच्या बाजारात येणारी समुद्राची मासळी घाट चढून कोकणातून येते, आणि त्यातील कित्येक जातींचे बालपण खाडीत गेलेले असते. दुसरे उत्तर पाण्याचे आहे. कोयना महाबळेश्वराजवळ उगम पावते, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी पुढे आपल्या सांगलीच्या घाटाला लागते. परंतु कोयनेचे सारे पाणी इकडे येत नाही. पाटण तालुक्यातील धरणात अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पलीकडे पोफळीच्या बाजूला उतरविले जाते, त्यावर वीज निर्माण होते आणि नंतर ते वाशिष्ठी नदीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडील वळणासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी मान्य केले होते. हे पाणी चिपळूणवरून वाहत जाऊन दापोली आणि गुहागर या तालुक्यांच्या मध्ये असलेल्या दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या घरात दिवा लागतो, त्यामागचे पाणी अखेर ज्या चिखलावर जाऊन विसावते, तो चिखल आपल्याला सर्वस्वी परका नाही.

चिखल कसा साठतो

नदी समुद्राला मिळते तेथे गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळते. डोंगरातून आलेली बारीक माती नदीच्या पाण्यात तरंगत असते. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच तिचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसू लागतात. दिवसातून दोन वेळा भरती येते व दोन वेळा ओहोटी लागते. जेथे प्रवाहाचा जोर कमी असतो अशा वळणांवर आणि काठांवर हा गाळ वर्षानुवर्षे साचत जातो आणि त्याची रुंद, सपाट पट्टी तयार होते. या चिखलपट्टीच्या वरच्या अंगाला कांदळवन वाढते, तर खालच्या अंगाला उघडा चिखल असतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, विजयदुर्ग, आचरा, कर्ली अशा लहानमोठ्या खाड्यांच्या काठी ही रचना पाहावयास मिळते. कोकणात खाडीकाठच्या अशा खाऱ्या दलदलीच्या जमिनीला खाजण म्हणतात.

नदीने आणलेला पालापाचोळा, समुद्रातून आलेले सूक्ष्म जीव आणि कांदळवनाची गळालेली पाने या चिखलात मिसळतात. त्यामुळे तो अन्नद्रव्यांनी समृद्ध असतो. मात्र अन्न साठलेले असणे आणि ते कोणाच्या तोंडी पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये एक मोठी अडचण उभी असते, ती हवेची.

श्वास कोंडलेली जमीन

ही अडचण समजून घेण्यासाठी सांगलीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. हरिपूर आणि सांगलवाडीच्या परिसरातील हळदीची पेवे आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात प्राणवायू उरत नाही आणि म्हणून कीडही जगत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा नियम जुने हमाल कसोशीने पाळत. आत हवा खेळू देणे आणि मगच माणूस उतरविणे, ही सावधगिरी जिवाशी निगडित होती.

खाडीचा चिखल हे निसर्गाचे असेच एक बंद पेव आहे. त्याचे कण इतके बारीक असतात आणि त्यांमधील फटी पाण्याने अशा गच्च भरलेल्या असतात, की वरून येणारा प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. त्याखाली प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य असते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते. हे जीवाणू त्याचा वापर करून मृत पदार्थ कुजवितात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. चिखलात पाय रुतला की कुजक्या अंड्यासारखा जो दर्प येतो, तो याच वायूचा. चिखलाचा काळा रंगही गंधक आणि लोह यांच्या संयोगातून येतो. हा वायू बहुतेक प्राण्यांना विषारी असतो व वनस्पतींच्या मुळांनाही घातक ठरतो. चिखलाला कोणी हात लावला नाही, तर वरचा पातळ थर जिवंत आणि खालचा सारा भाग कोंडलेला, अशी स्थिती कायम राहील.

या कोंडलेल्या पेवाला हवेची वाट करून देणारे जीव म्हणजे बिळे खोदणारे प्राणी होत.

खोदणाऱ्यांची ओळख

ओहोटीला चिखलावर प्रथम नजरेत भरतो तो फिडलर खेकडा. याच्या नराची एक नांगी अवाढव्य असते, इतकी की तिचे वजन एकूण शरीराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरू शकते. ती वर-खाली हलवून तो मादीला बोलावतो आणि प्रतिस्पर्ध्याला दटावतो. खाण्यासाठी मात्र तो लहान नांगीच वापरतो. चिखलाचा घास तोंडात घ्यायचा, त्यातील सूक्ष्म शैवाल आणि जीवाणू वेगळे करायचे आणि उरलेल्या मातीची गोळी बाहेर टाकायची, असा त्याचा क्रम असतो. बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची जी रांगोळी दिसते, ती या जेवणाची खूण होय. भरती जवळ आली की यांतील अनेक खेकडे चिखलाचा बोळा करून बिळाचे तोंड बंद करतात व आत थांबतात.

दुसरी कुर्ली, म्हणजेच चिंबोरी. हिची बिळे मोठी आणि खोल असतात. कधीकधी ती दोन मीटरपर्यंत जातात. कुर्ल्या पकडणारे लोक लोखंडी आकडी घेऊन चिखलात उतरतात. बिळाच्या तोंडावरील माती ओली आहे की सुकलेली, नांगीचे ओरखडे ताजे आहेत की जुने, एवढ्यावरून आत कोणी आहे की नाही हे ते ओळखतात.

तिसरी निवटी. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, आणि त्वचा व तोंडातील ओलसर अस्तर यांच्या साहाय्याने हवेतून श्वास घेतो. याची एक जात डोके डावी-उजवीकडे फिरवीत चिखलावरील शैवालाचा थर खरवडून खाते. कुवेतच्या किनाऱ्यावर याच गटातील निवट्या आपापल्या बिळाभोवती चिखलाची बुटकी भिंत बांधून पाणी अडवितात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. वाळवंटी उन्हात शेवाळाचा आपला वाफा ओला ठेवण्याची ही युक्ती असावी. चिखलातील बिळांचा उपयोग सर्वांत स्पष्टपणे कोणाला होतो, याचे उत्तर येथेच मिळते. कारण येथे खोदणाराही मासाच आहे आणि राहणाराही मासाच.

याखेरीज डोळ्यांना सहज न दिसणारे कितीतरी खोदकरी आहेत. सुतासारखे समुद्री कृमी, चिखलात स्वतःला पुरून घेणाऱ्या तिसऱ्या आणि मुळे, तसेच बिळात राहणाऱ्या झिंग्यांच्या अनेक जाती यांची गणना त्यांत होते. शेतकऱ्याला गांडूळ जसा, तसे खाडीला हे प्राणी. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले व हा क्षुद्र वाटणारा जीव जमिनीची केवढी उलथापालथ करतो हे दाखवून दिले. पुढे १९९४ साली क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाचक या तीन शास्त्रज्ञांनी आपल्या वावराने परिसराची रचनाच बदलणाऱ्या जीवांसाठी ‘परिसंस्थेचे अभियंते’ ही संज्ञा रूढ केली. खाडीतील खेकडा या संज्ञेस पूर्णपणे पात्र आहे.

बिळांमुळे माशांचे काय होते

पहिला लाभ हवेचा. बीळ म्हणजे चिखलात उतरलेली नळी. भरतीचे पाणी तिच्यात शिरते व ओहोटीला बाहेर येते. ओहोटीत काही बिळांत हवाही खेळते. आतला प्राणी हालचाल करून पाणी खेळते ठेवतो, ते वेगळेच. परिणामी ज्या खोलीवर एरवी प्राणवायू पोहोचला नसता, तेथे तो बिळाच्या भिंतीवाटे पोहोचतो. ताजे बीळ कापून पाहिले, तर काळ्या चिखलात भिंतीलगत गंजाच्या रंगाचा तांबूस पट्टा दिसतो. तो लोहाचा प्राणवायूशी संयोग झाल्याची खूण असून, तेथे सल्फाइडचे विष निवते. शेकडो बिळांच्या भिंती एकत्र मोजल्या, तर हवेशी संपर्क असलेला चिखलाचा पृष्ठभाग वरच्या सपाट पृष्ठभागाहून कितीतरी अधिक भरेल.

दुसरा लाभ अन्नाचा. खोदताना खालची माती वर येते आणि वरचा पालापाचोळा खाली जातो. कांदळवनातील काही खेकडे गळालेली पाने ओढून बिळात नेतात, त्यामुळे ती ओहोटीबरोबर समुद्रात वाहून न जाता तेथेच कुजून खत होतात. चिखलात अडकलेली अन्नद्रव्ये अशा रीतीने मोकळी होऊन पृष्ठभागावर येतात आणि त्यांवर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा सोनेरी-तपकिरी थर वाढतो. भरतीच्या पाण्याबरोबर आत येणारे बोईट हाच थर चरतात. लहान कोळंबी यावर आणि याच्या आधाराने जगणाऱ्या जीवांवर वाढते. कृमी आणि लहान खेकडे हे शिंगाळ्यासारख्या माशांचे खाद्य होतात आणि लहान माशांच्या मागे जिताडा येतो. बाजारात जिताड्याचा भाव विचारताना खेकड्याने बाहेर टाकलेली मातीची गोळी कोणाला आठवत नाही. पण त्या साखळीची एक कडी तीच आहे.

तिसरा लाभ आसऱ्याचा. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटते, ऊन तापते आणि वरून बगळे, तुतवार व घारी टेहळणी करीत असतात. मागे राहिलेल्या लहान माशांना व कोळंबीच्या पिलांना अशा वेळी ओली, थंड आणि दडलेली जागा हवी असते. ती त्यांना बिळांत, बिळांच्या तोंडाशी साचलेल्या डबक्यांत आणि खोदलेल्या मातीच्या उंचवट्यांमधील चरांत मिळते. दुसऱ्याच्या बिळात राहणाऱ्या माशांची उदाहरणे जगभर आढळतात. उष्ण समुद्रांतील एक झिंगा जवळजवळ आंधळा असतो. तो बीळ खोदीत राहतो आणि त्याच बिळात राहणारा गोबी मासा दाराशी पहारा देतो. झिंग्याची मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. संकट दिसताच मासा शेपटी थरथरवितो आणि दोघेही आत जातात. कॅलिफोर्नियाच्या चिखलात इंग्रजीच्या आकाराचे ‘यू’सारखे बीळ करून राहणारा एक जाड कृमी आहे. त्याच्या बिळात एक लहान गोबी आणि वाटाण्याएवढे खेकडे बिनभाड्याने राहतात. शास्त्रज्ञांनी त्याला सराईचा मालक असेच नाव दिले आहे.

चौथा लाभ वंशवृद्धीचा, आणि तो सर्वांत विलक्षण आहे. जपानमधील निवटीचा अभ्यास करणाऱ्या अत्सुशी इशिमात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली हकिगत अशी : ही निवटी चिखलाच्या बिळात एक कोठी करते व तिच्या छताला अंडी चिकटविते. बिळातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, अंडी तर श्वासावाचून जगू शकत नाहीत. म्हणून नर ओहोटीला बाहेर येऊन तोंडात हवा भरून घेतो, आत जाऊन ती कोठीत सोडतो आणि पुन्हा बाहेर येतो. अशा घासाघासाने कोठी हवेने भरलेली ठेवली जाते. पिले बाहेर पडण्याची वेळ झाली की रात्रीच्या भरतीच्या सुमारास तोच नर उलट काम करतो. तो कोठीतील हवा तोंडाने बाहेर नेतो, त्यामुळे पाणी आत शिरते आणि पाण्याचा स्पर्श होताच अंडी फुटून पिले भरतीच्या पाण्यात निघून जातात. चिखल नांगरला, दडपला किंवा बुजविला तर काय नष्ट होते, याची कल्पना या एका कोठीवरून यावी.

या चारही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे खाडीला माशांचे पाळणाघर का म्हणतात ते कळते. आपल्या संस्थेच्या परिभाषेत बोलायचे तर खाडी ही एक निवासी शाळाच आहे. कोळंबीच्या कित्येक जाती खोल समुद्रात जन्मतात, चिमुकल्या अवस्थेत भरतीबरोबर खाडीत येतात, येथे सुरक्षित राहून खाऊनपिऊन मोठ्या होतात आणि मग समुद्रात परततात. या वसतिगृहाच्या खोल्या आणि भोजनगृह या दोन्हींची व्यवस्था खोदणाऱ्या प्राण्यांच्या श्रमांवर चालते.

खेकडे काढून टाकले तर

हे सारे तर्काने पटते. परंतु ते पडताळून कसे पाहावे? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या कांदळवनात टॉमस स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी युक्ती केली. वनातील काही तुकड्यांतून खेकडे पकडून काढून टाकले आणि काही तुकडे जसेच्या तसे ठेवले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खेकडे काढलेल्या तुकड्यांत जमिनीतील सल्फाइड आणि अमोनियाचे प्रमाण वाढले, आणि तेथील झाडांची वाढ व फलोत्पादन मंदावले. झाडाला कोणी हात लावला नव्हता. गेले होते ते फक्त मुळांशी बिळे करणारे खेकडे. कांदळवन वाचविण्यासाठी झाडे मोजणे पुरेसे नाही, हा या प्रयोगाचा आपल्यासाठी धडा आहे.

दुसरी बाजू

खोदणाऱ्यांचे गुणगान करताना त्यांचा उपद्रव झाकून ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. बिळांनी काठ सैल होतात आणि लाटांच्या माऱ्याने ढासळतात. खाऱ्या पाण्यापासून भातशेती वाचविण्यासाठी कोकणातील शेतकरी खाजणात जे बांध घालतात, ते खेकडे पोखरतात व शेतकऱ्याला दरवर्षी त्यांची डागडुजी करावी लागते. चिखलात गाडले गेलेले विषारी धातूही उकरले जाऊन पुन्हा पाण्यात येऊ शकतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात विलापा उपसागराच्या काठी कालवांची शेती होते. तेथील बिळकरी झिंगे चिखल इतका भुसभुशीत करतात की कालवे त्यात बुडून मरतात. म्हणून तेथे १९६०च्या दशकापासून चिखलावर कीटकनाशक फवारले जाऊ लागले. त्या फवाऱ्याने झिंग्यांबरोबर खेकडे आणि मासेही मरत, त्यामुळे त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला.

खेकड्यांचा प्रश्न महाराष्ट्रातही एकदा मोठ्या चर्चेचा झाला होता. २ जुलै २०१९ रोजी रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि अनेक ग्रामस्थांचा बळी गेला. खेकड्यांनी धरण पोखरले, असे कारण तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. तेथील खेकडे गोड्या पाण्यातले. खाडीतल्या खेकड्यांहून वेगळे. परंतु त्या प्रसंगातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट दोन्हींना लागू पडते. मातीत बीळ करणे हा खेकड्याचा स्वभावधर्म आहे आणि तो माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बांध कोठे घालावा, कसा घालावा व त्याची निगा कशी राखावी, हे ठरविण्याची जबाबदारी माणसाची आहे. प्राण्याच्या माथी ती मारता येत नाही.

कायद्याचे शब्द आणि चिखलाची साक्ष

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खाडीकाठचा उघडा चिखल कागदोपत्री पुष्कळदा ‘पडीक’ ठरतो. त्यावर झाड नसते, पीक नसते, घर नसते. भराव टाकायला, कचरा लोटायला, वाळू उपसायला किंवा सांडपाणी सोडायला ती जागा सोयीची वाटते. कांदळवनाची झाडे निदान डोळ्यांना दिसतात. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे म्हटले आहे. उघड्या चिखलाची कैवारी मंडळी मात्र थोडी असतात. कधीकधी तर सद्हेतूने घात होतो. उघडा चिखल दिसला की तेथे कांदळाची रोपे लावण्याचा उत्साह येतो. परंतु फार खालच्या, दीर्घकाळ पाण्याखाली राहणाऱ्या पट्टीत ती रोपे बहुधा जगत नाहीत, आणि जगली तर उघड्या चिखलावर चरणाऱ्या निवट्यांची आणि पक्ष्यांची जागा जाते.

प्रत्यक्षात कायदा या चिखलाला विसरलेला नाही. केंद्र शासनाच्या १८ जानेवारी २०१९च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात कांदळवने, प्रवाळ आणि वाळूच्या टेकड्या यांच्याबरोबर ‘जैविकदृष्ट्या क्रियाशील चिखलपट्ट्या’ यांचाही समावेश आहे. यातील ‘जैविकदृष्ट्या क्रियाशील’ हे शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. चिखल क्रियाशील आहे की मृत, हे कसे ओळखावे? त्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी साक्ष म्हणजे त्यावरील बिळे. जेथे बिळांची दाटी आहे, मातीच्या गोळ्या पसरल्या आहेत, निवट्या उड्या मारीत आहेत, तेथे चिखल जिवंत आहे. बिळे विरळ होत गेली, पृष्ठभाग गुळगुळीत व काळा पडला, दर्प वाढला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजून चौकशी सुरू करावी.

दाभोळच्या खाडीत लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे मासळी मरते आणि घटते, ही तेथील भोई समाजाची तक्रार अनेक वर्षांची आहे. अशा तक्रारींची दखल बहुधा मेलेले मासे तरंगू लागल्यावरच घेतली जाते. मासा पोहून दूर जाऊ शकतो, बिळातला जीव जाऊ शकत नाही. पाण्यातून येणारे विष अखेर चिखलात बसते आणि तेथे राहणाऱ्याच्या अंगी सर्वांत आधी लागते. म्हणून मासे मरण्याची वाट न पाहता बिळांची गणना ठेवली, तर धोक्याची सूचना लवकर मिळू शकते. ठरावीक चौकट चिखलावर ठेवून तिच्यातील बिळे दर ऋतूला मोजणे, एवढे काम शाळेतील मुलेही करू शकतात. त्यासाठी लागते ती एक दोरी, चार खुंट्या, एक वही आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक.

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज महसूल, पाटबंधारे, शिक्षण आणि बांधकाम अशा नानाविध क्षेत्रांत काम करीत आहेत. काहींच्या नोकऱ्या कोकणातही आहेत. त्यांना आमची विनंती आहे की खाजणाच्या एखाद्या तुकड्यावर ‘पडीक’ असा शेरा मारण्यापूर्वी एकदा ओहोटीच्या वेळी तेथे जावे आणि कुर्ल्या पकडणाऱ्या माणसाला किंवा तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला सोबत घ्यावे. कोणत्या छिद्रात कोण राहते हे ती माणसे कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमके सांगतील. भोई, खारवी, दालदी, गाबीत आणि कोळी समाजांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. ते नोंदवून ठेवणे हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचे काम आहे. पालकांनीही मुलांना घेऊन कोकणात जाताना समुद्रकिनाऱ्याबरोबर एखादी खाडीही दाखवावी. सकाळच्या ओहोटीला काठावर अर्धा तास शांत उभे राहिले की घाबरून आत गेलेले खेकडे हळूहळू बाहेर येतात आणि आपले खोदकाम पुन्हा सुरू करतात. त्या वेळी मुलांनी बिळे मोजावीत आणि वहीत लिहावीत. पुढील वर्षी त्याच जागी पुन्हा मोजता येतील.